पाटी

हेल्दुर जेवताना घटनेचा मसुदा वाचतो.
अठ्ठाविसाव्या कलमापाशी बटाटा गार होतो.
मी म्हणते, आधी खा, देश कुठे पळून जात नाही.
तो म्हणतो, गेला होता की एकदा. पन्नास वर्षं.
यावर मी मीठ पुढे सरकवते.

तार्तूत यंदा गरम पाणी शनिवारीच.
आम्ही कोट घालून झोपतो
आणि मंगळवारी सभेला जातो:
गल्लीला जुनं नाव परत द्यायचं का?
मी टपाल वाटते. मला विचारा.
तिसऱ्या मजल्यावरच्या लेइदाबाईंना
तीन नावांच्या गल्ल्यांवरून पत्रं येतात,
सगळी पोचतात.

तरी हात वर केला मी. दोन्ही केले असते.

शिडी मी धरली, स्क्रू त्यानं काढले.
पाटीमागे भिंत अजून पिवळी, कोवळी.
ती पाटी आता आमच्याकडे, गरम भांड्याखाली.

जूनमध्ये नव्या नोटा आल्या.
एक त्यानं उजेडात धरली,
मग माझ्या हातात दिली, ओली असल्यासारखी.
मी तिचं दूध आणलं.
दिवसभर बोलला नाही.
रात्री सुटे पैसे मोजत बसला,
पुन्हा पुन्हा, तेवढेच.