झेरॉक्स

दर महिन्याच्या तीस तारखेला
वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवायचा,
ही सेव्हेरिना मावशीची अट.
ती तिकडे साओ पावलोत, एका तळघरात
परक्यांच्या जीन्सना खिसे शिवते.
माझ्या खिशात काय येतं, काय जातं
ते तिला कळायला हवं. रास्त आहे.

म्हणून मी लिहिते.
मिनीबस, जाताना : दोन चाळीस.
येताना : चालत.
एल आल्तोत चालायला पैसे पडत नाहीत,
फक्त चार हजार मीटरवर श्वास
थोडा उधारीवर घ्यावा लागतो.

अंडी सहा.
बटाटे दोन किलो, दोन्या एउलोहियाकडून.
पिशवी बांधता बांधता तिने वर मूठभर टाकले,
"यापा", म्हणाली,
म्हणजे सौद्याच्या बाहेरचं, नुसतंच दिलेलं.
इथली रीतच आहे ती. न घालणारीकडे
दुसऱ्यांदा कुणी जात नाही.
त्या मुठीला माझ्या वहीत रकाना नाही.
जमेला धरावी, तर कुठल्या खात्यावर?
मी अकाउंटन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे
आणि हे सरांना विचारायची लाज वाटते.

मग खाली, जरा बारीक अक्षरात :
झेरॉक्स : सहा.
झेरॉक्स : पाच.
झेरॉक्स : साडेसात.

सहा म्हणजे रोपवे. खाली, आणि तशीच परत वर.
कुठेही जायचं नव्हतं.
रविवार होता, खोलीत दोघी जणी भांडत होत्या,
लाल डब्यात जाऊन बसले.
खाली गच्चीवर एक कुत्रा, दोरीवर शाळेचे पांढरे डगले,
मग कबरस्तानाच्या भिंती, खणाखणांत फुलं,
आणि समोर एक आजोबा, मांडीवर नवाकोरा रेडिओ,
जो त्यांनी सबंध वाटभर लावला नाही.

पाच म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम आपी,
पेपर होता त्या दिवशी पहाटे.
पिण्यापेक्षा धरण्यासाठीच जास्त.
बोटं उकलल्याशिवाय पेन कसं धरणार?
तेव्हा तो शैक्षणिक खर्चच झाला, नाही का?

साडेसात म्हणजे काय
ते मी इथेही लिहिणार नाही.
विल्मेरला माहीत आहे.

मागच्या महिन्यात पान पाठवलं.
निळ्या खुणा उमटल्या. दोन दिवस चिडीचूप.
तिसऱ्या रात्री एक वाजता मावशीचा आवाज आला,
मागे मशिनची घरघर :
"जोसेलिन, वीस सेंताव्होला एक पान
या हिशेबाने साडेब्याण्णव पानं होतात.
हे अर्धं पान कसलं गं?"

मी अंथरुणात उठून बसले.
घरघर थांबली. दोरा तुटला असावा,
किंवा ती हसत असावी.
मग म्हणाली, "वाच हो, खूप वाच.
पुढच्या वेळेपासून झेरॉक्सचे वीस
वेगळे धाडीन."

तिची वही मी कधी मागितली नाही.
फोन का उचलला नाहीस, विचारलं
तर म्हणते, ओव्हरटाइम.
नाताळच्या रात्री ओव्हरटाइम.
आवाज बसला होता, खोकत होती,
आठ दिवस कुठे होती कोण जाणे,
तेव्हाही ओव्हरटाइमच.
मी कधी तास मोजले नाहीत.
अर्धा तास कसला, विचारलं नाही.

आज तीस.
बेरीज दीड बोलिव्हियानोने चुकतेय,
आणि कमी नाही, जास्त भरतेय.
शाळेत बाई म्हणायच्या,
हातचा विसरलीस बघ कुठेतरी.
खोलीतल्या दोघी झोपल्यात, आज एकाच पांघरुणात.
बटाट्याची पिशवी दाराशी तशीच आहे.
पेन्सिल तासून परत वरून सुरू करते :
मिनीबस, जाताना, दोन चाळीस.