पांढरी वायर

तिसरी पहाट.
वडगावात आमच्या गल्लीला उतार आहे एवढंच बरं.
पावाची रिकामी पेटी मागे, मी वर,
दहा पेडल, मग क्लच सोडतो
आणि इंजिन फस्स म्हणतं
जेवणावर रुसलेल्या पोरासारखं.
एवढंच.

किट खोक्यातून आलं, थर्माकोलात.
सोबत एक कागद, चिनी अक्षरांचा,
त्यात बाण, आणि बाण
माझ्या सायकलीत नसलेल्या जागांकडे.
बायको म्हणाली, "हे काय करूलायसा,
पाय मोडलेत काय तुमचे?"
मोडले नाहीत. पण बत्तीस वर्षं
पाव घरोघर पोचले त्यात गुडघे गेले,
ते कुणी परत दिले नाहीत.

पेट्रोल बघितलं. कॉक उघडा, नळीत थेंब धावतो.
कार्बोरेटर उघडला, चिंधीनं पुसला,
जेटमधून फुंकर मारली,
दिवसभर तोंडात तेल,
चहा प्यालो तर चहाही टू-स्ट्रोक.
प्लग काढला. काळा, ओला.
पॉलिश पेपरनं घासला,
पोस्टकार्ड घालून बघितली फट.

मग समोरचे गुरशिद्धप्पा आले,
उद्यमबागेत चाळीस वर्षं लेथवर,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
प्लगला कॅप लावून तो हेडला टेकवला,
म्हणाले, "चाक फिरव." फिरवलं.
अंधारात दोघं वाकून बघत राहिलो
विहिरीत पडलेलं काही शोधावं तसे.
ते म्हणाले, "किडी इल्लो."
कानडीत किडी म्हणजे ठिणगी, मला ठाऊक आहे,
जन्म गेला या गल्लीत. पण दमलेला कान
मराठीच असतो. मी म्हणालो,
"किडी नाहीत तर बरंच की."
ते इतके हसले की मागावरचा पोरगा
धोटा थांबवून खिडकीत आला.

मग वायरी. मॅग्नेटोतून तीन निघतात,
निळी, काळी, पांढरी.
डबीतून दोनच.
निळीला निळी, काळीला काळी,
पांढरी मी उरू दिली नव्हती.
काही उरलं की मला झोप येत नाही,
पाव उरले तरी, वायर उरली तरी.
म्हणून ती काळीतच पिळून वर चिकटपट्टी.
गुरशिद्धप्पांनी नखानं पट्टी सोलली.
"बिळी बिडो," म्हणाले. मग मराठीत, सावकाश,
जणू मीच परगावचा:
"पांढरी सोड. तिला कुठं जोडायची नसते."
फिरवलं चाक.
निळी किडी. नखाएवढी.
दोघांच्याही कपाळावर दिसली.

साडेचार. उतार. क्लच.
गल्ली एकदम आवाजानं फुटली,
कुत्री, शेळ्या, खिडक्या, कुणाची तरी कानडी शिवी
आणि पलीकडून लगेच तीच मराठीत.
बेकरीच्या दारात मकबूल ट्रे धरून उभा,
मी त्याच्यासमोरून गेलो.
हँडलवरचं बंदचं बटण दाबलं. परत दाबलं.
ते पांढरीवरच होतं.

येळ्ळूरच्या रस्त्याला भाताची शेतं लागली,
मागे पेटी रिकामी वाजते आहे.
पेट्रोलचा कॉक खाली, हाताशी,
फिरवला की थांबेल, माहीत आहे मला.
अजून थोडं.
गुडघे गप्प बसलेत.