नंदगडची गाडी

बावीस वर्षं मी संध्याकाळी सव्वासहाला
नंदगडच्या गाडीत चढते.
एकदाही चुकले नाही.
पाटी कानडीत, आणि मला कानडी वाचता येत नव्हतं.
कुणी विचारलं तर सांगायची,
बंपरला पोचा आहे, ड्रायव्हर चष्मेवाला आहे.
पण ड्रायव्हर बदलले, गाड्या भंगारात गेल्या,
पाय मात्र उठायचे
मी उठायच्या आधी.

खडेबाजारात आमचं काजं-बटणाचं दुकान.
शेजारच्या पाटावर नीलव्वा, बैलहोंगलची.
एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा
काळ्या सुटिंगच्या कटपीसवर
शिंप्याच्या खडूनं तिनं काढून दाखवलं माझं गाव.
ग म्हणजे कमान, वर एक फटकारा.
"आणि तुमचा तो टिंब," (तिचं मराठी असंच)
"आमच्यात डोक्यावर बसत नाही,
खाली उतरून शेजारी उभा राहतो."
बटणाएवढा गोल.
मी हसले, कापड झटकलं,
खडू उडाला.

संध्याकाळी स्टँडवर
आधी ते बटण दिसलं.
ज्यांना आम्ही जिलेब्या म्हणायचो
त्या पांढऱ्या वळणांतून
एकच गोल पुढं आला,
गर्दीत कुणी आपलं नाव घेतलं की
बाकीचा कालवा मागं सरकतो, तसं.
मग त्याच्या डावीकडं न.
उजवीकडं द.
मग कमान.

मग सगळीकडं. औषधाच्या दुकानावर,
उसाच्या रसाच्या गाड्यावर, टेम्पोच्या पाठीवर
बटणंच बटणं.
एका दुपारीत कुणी टाकली ही?
कुणीच नाही. पडून होती
माझ्याच डोळ्यांत,
डब्याच्या तळाशी सुया असतात तशी;
बोटं त्या चुकवत फिरतात
आणि आपल्याला पत्ता नसतो.

ह्या पाट्यांवरून काय काय झालं गावात.
डांबर फासलं, दगड आले, शटरं पडली.
त्या दिवसांतही मी वर न बघता
नीट घरी पोचले.
म्हणजे कुणीतरी बघत होतं.
माझ्या आतली एक गप्प बाई,
पाटी ओळखायची, मला ढकलायची,
सांगायची काही नाही.
पगार नाही, सुट्टी नाही.
आता मीच वाचायला लागल्यावर
तिनं काय करायचं?

तेवढ्यात डबल बेल झाली.
मी उभी, ड च्या शेपटीपाशी अडकलेली.
गाडी हलली. चारही अक्षरं
वळणावरून गेली
आणि मी इथंच.

"काय बघायलीस गं एवढं?"
बाकावरच्या म्हातारीनं विचारलं.
काय सांगणार.

पुढची आठला, खानापूरपर्यंतच.
तिच्या पाटीतलं एक न सोडलं
तर मला काही येत नाही.
तीत मी बरोबर चढेन.