डाव्या कोपऱ्यातला उजेड

ऑल्स्टनवर ढग असले की आम्ही फोटो बघतो.
म्हणजे बहुतेक गुरुवारी फोटोच बघतो.
चॅपलच्या मागची खोली, हीटरला नाणी लागतात,
पडदा म्हणून मॉरीनची जुनी चादर.
तिच्यावर इस्त्रीची एक घडी राहिलीय,
ती प्रत्येक दीर्घिकेच्या मधून जाते.
आता कुणाला दिसत नाही.

इथे कुणी 'वा' म्हणत नाही.
क्लिफर्ड फारच खूश झाला तर म्हणतो, "वाईट नाही."
मला हे कळायला दोन हिवाळे गेले.
पहिल्यांदा मी शनीची कडी नेली होती,
परसात कुडकुडत, चौदा रात्री फुकट घालवून टिपलेली.
"वाईट नाही," तो म्हणाला,
आणि मी घरी येऊन न जेवता झोपले.
आई फोनवर हसली :
अगं, तुझे बाबा नाही का,
तीनदा वाढून घेतात आणि म्हणतात, बरं झालंय.

फ्रेया पंधरा वर्षांची, ती मात्र ओरडते.
कृत्तिका आल्या की चादरीवर बोट ठेवून मोजते :
सहा, सात, हलवू नका, आठ!
ब्रायन निवृत्त गुरांचा डॉक्टर.
मृगातला तेजोमेघ बघून म्हणाला,
वासरू बाहेर येताना अगदी असंच दिसतं.
थोडा वेळ बिस्किटं कुणी घेतली नाहीत.

एकदा नांगर होता. सप्तर्षींना इथे नांगर म्हणतात.
मी म्हटलं, मामा सांगायचा, ती म्हातारीची बाज,
आणि मागचे ते तीन चोर.
बाज पळवायला आलेत,
पण म्हातारीला झोपच लागत नाही.
क्लिफर्डनं गंभीरपणे विचारलं, कधीपासून?
तेव्हापासून रात्र निरभ्र असली
की त्याचा निरोप येतो :
चोर बाहेर पडलेत. या.

मागच्या गुरुवारी आयलीन आली.
विल्फ गेल्यानंतर पहिल्यांदाच.
हातरुमालात गुंडाळलेलं मेमरी कार्ड,
मुलं पडलेला दात आणतात तसं.
"यात काही आहे का बघा. मला उघडता येत नाही."

देवयानी होती.
नोव्हेंबरातली, एकेचाळीस फ्रेम, एकही हललेली नाही.
ब्रायननं एकावर एक रचल्या
आणि ती चादरीवर उगवली, तिरपी,
घडीच्या अल्याड थोडी, पल्याड थोडी.
फ्रेयासुद्धा गप्प.

मग टॉबी, नवा मुलगा, त्याला काय माहीत,
उत्साहानं म्हणाला,
डावीकडे खाली पिवळट घाण आलीय,
कुठला तरी दिवा. पाच मिनिटांत काढून देतो.

आयलीननं चष्मा लावला
(मीच दिलेला, मार्चमध्ये, आमच्या दुकानातून)
आणि चादरीजवळ गेली,
इतकी जवळ की अर्धी देवयानी तिच्या कार्डिगनवर आली.

"ते माझं स्वयंपाकघर," ती म्हणाली.
"दूध तापवायला दिवा लावला होता.
तो बाहेरून ओरडला, उजेड!
मी म्हटलं, दूध हवंय ना?"

ब्रायन अंतरं सांगायच्या बेतात होता.
सांगितली नाहीत.
टॉबी माउसवरचा हात काढून मांडीखाली ठेवून बसला.

क्लिफर्ड, जो एका ठिपक्याचा डाग कुणाला माफ करत नाही,
उठला, हीटरमध्ये नाणं टाकलं,
आणि पाठमोराच म्हणाला,
"राहू दे तो."
बऱ्याच वेळानं :
"वाईट नाही."

आयलीनला मी गाडीतून सोडलं.
ढग तसेच, टेकडीला टेकलेले.
तिच्या खिडकीत दिवा चालूच होता,
विसरली असेल, किंवा नसेल.
"बघ," दार उघडता उघडता ती म्हणाली,
"अजून कोपरा खराब करतोय."