ओढाताण

मार्सेयच्या या तळघरात एक चंद्र आहे,
कलिंगडाएवढा.
सिलिकॉनचा, दाबला तर दबणारा. आत पाणी,
पाण्यात माशांच्या खवल्यांची पूड,
प्रवाह डोळ्यांना दिसावा म्हणून.

तो गरगर फिरतो
आणि दोन रूळ दोन्ही अंगांनी त्याला दाबून धरतात.
खरा ग्रह आपल्या चंद्राला ओढतो.
इथे ओढायची सोय नाही, म्हणून दाबायचं;
गोल लांबट झाला की झालं,
पाणी कारण विचारत नाही.

रूळ आन्सेल्मने आणले,
बंद पडलेल्या एका धोबीखान्यातून.
तीस वर्षं त्यांनी हॉटेलांच्या चादरी पिळल्या.

ओदिलची वही:
चौदा तारीख. काही नाही.
पंधरा. काही नाही.
सोळा. मिस्त्राल सुटलाय, इमारत थरथरते. तरी काही नाही.
मधोमध अक्षाची उजळ रेघ
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ताठ.

हीटर डिसेंबरपासून बंद.
संस्थेची ओढाताण चालू आहे, असं पत्र आलं.
ओदिल हसली होती ते वाचून.
तिकडे शनीपाशी बर्फाच्या कवचाखाली
एक अख्खा समुद्र
निव्वळ ओढाताणीवर न गोठता राहिलाय,
आणि आम्ही इथे कोट घालून.

आन्सेल्म म्हणतो, जाळं टाकलं की
माझा बाप पाण्याकडे बघायचा नाही.
पाठ फिरवून कांदा चिरत बसायचा.

एकवीस तारखेला ओदिलने पाठ फिरवली.
कांदा नव्हता; संत्रं सोलत बसली.
तीन फोडी खाऊन झाल्या असतील,
आन्सेल्मने तिची बाही ओढली.

रेघ वाकत होती.
आधी जराशी, कुणी कूस बदलावी तशी,
मग नागमोडी,
मग तिला स्वतःचं वजन पेलेना
आणि सगळा गोल एकदम
चंदेरी चुऱ्याने उसळला,
वर कुठलं, खाली कुठलं, काही कळेना.

बिघडलं? आन्सेल्मने विचारलं.
हो, ती म्हणाली. एकदाचं.

मिनिटभराने पाणी निवलं.
रेघ पुन्हा उभी, जसं काही घडलंच नाही.
आणि पुन्हा वाकायला लागली.

ओदिलने वही ओढली. एकवीस, लिहायला गेली,
तर पेन थंडीने उठेना.
दोन तळव्यांमध्ये धरून
ती ते घोळवत राहिली,
घोळवत राहिली.