तीन नंबर

एकतीस वर्षं मार्केट यार्डातल्या आडतीवर
मी रंग लिहितो.
वजन काटा सांगतो, भाव सौदा सांगतो,
रंग माझे डोळे.
रव्याचा कोपरा फोडायचा, दाराच्या उजेडाला धरायचा,
पिवळाधमक असला तर एक,
जरा सावळा तर दोन,
आणि काळपट, तपकिरी, ओल्या मातीसारखा असला
तर न बघताच तीन.

चव कुणी घेत नाही सौद्यात.
जिभेला तिथं गादीच टाकलेली नाही.

पडळच्या दस्तगीर मुल्लाणीच्या गुऱ्हाळावर
मी एकदाच गेलो,
रव्यांचा आकडा जुळेना म्हणून.
चुलवाण चिपाडं गिळत होतं,
काहिलीत रस कढाला आलेला,
वाफेत उभा दस्तगीर, भुवया जळालेल्या.
पूर्वी, म्हणाला, रानभेंडी ठेचायचो,
तिचं बुळबुळीत पाणी रसात सोडलं
की मळी आपणहून वर यायची,
रुसलेलं माणूस माजघरातून बाहेर यावं तशी.
आता बांधावर भेंडी कुठली?
तणावर फवारलं, त्यात तीच आधी गेली.

मग त्यानं कमरेची कागदी पुडी सोडली.
चिमूटभर पांढरी भुकटी,
वास असा की डोळ्यांत पाणी,
आणि अख्खी काहील बघता बघता
गोरी झाली,
क्रीमच्या जाहिरातीतल्या पोरीसारखी.

हे कशाला रे? मी विचारलं.
तो हसला नाही.
काहिलीवरची नजर न काढता म्हणाला,
तुमच्यासाठीच की, दिवाणजी.

हंगाम संपताना तो एक आदण पुडीविना काढतो.
ते यार्डात येत नाही.
ते जाळव्याला, मोळ्या टाकणाऱ्या बायकांना,
मालकाच्या बाळंतीण सुनेच्या डिंकाच्या लाडवांना.
एक रवा माझ्या स्कूटरच्या डिकीत,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
हे पावतीवर नको, म्हणतो.
गेली अकरा वर्षं माझ्या घरी
तीन नंबरचा गूळ आहे
आणि पाहुण्यांपुढं एक नंबरचा.

कुणीतरी सांगितलं होतं,
पुडीच्या गुळाला मुंगी लागत नाही.
मी खिडकीत दोन खडे ठेवले,
एक पिवळा, एक काळा.
सकाळी मुंग्या दोन्हीकडं होत्या,
सारख्याच रांगेत, सारख्याच घाईत.
जरा वेळ मी वहाणा न घालता
तिथंच उभा राहिलो.
मुंगीनं माझं काम करावं
असं मला वाटत होतं.

यंदा दस्तगीरच्या यास्मिननं
विहिरीच्या थारोळ्याशी भेंडी लावली.
बी कुठून तरी पन्हाळ्याच्या उतारावरनं आणलं,
बापाशी भांडली, फवारणीवाल्याला परत लावला.
फेब्रुवारीत तिचे चाळीस रवे सौद्याला आले.
ती स्वतः आली, ओढणी डोक्यावर घट्ट,
रव्यांशेजारी उभी राहिली,
शाळेच्या निकालाला थांबावं तशी.

मी कोपरा फोडला, उजेडाला धरला.
उजेड आत शिरला आणि थांबला.
व्यापारी दुसऱ्या ढिगाकडं वळले होते.
आणि मी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा,
यार्डात सगळ्यांदेखत
तो तुकडा तोंडात टाकला.
ऊस, धूर, जरासं मीठ,
आणि तळाशी काहीतरी हिरवं,
भेंडीचं असावं.

काय करालाय दिवाणजी, मागून हमाल ओरडला,
लाईन लागलीया!

छापील वहीत रकाने सहाच.
नाव, गाव, रवे, वजन, रंग, भाव.
यास्मिन माझ्या पेनाकडं बघत होती.

मी लिहिलं, तीन.
शाई वाळली तरी
तोंड गोडच होतं.