ओटीचे खण

दांडिया बाजारात सगळी शटरं खाली.
मी ट्रंक उघडली:
हळदीकुंकवांतून घरोघर फिरत आलेले खण,
कोपऱ्यात बारीक बॉलपेननं नाव,
चुकून दिलेलीच्याच ओटीत परत जाऊ नये म्हणून.
एकाचंही कधी पोलकं झालं नाही.

पहिला कापला कमलिनीबाईंचा, जांभळा.
तीन चुण्या, आत जुन्या धोतराचं अस्तर.
इलॅस्टिक संपलं तेव्हा
परकराच्या नाड्या उभ्या चिरल्या.

खासवाडीच्या स्मशानातून जसुभाई आले.
चाळीस हवे होते. सव्वीस झाले होते.
पायरीवर ठेवून दार लोटलं.

सकाळी खालून हाक:
"बेन, दोरी जरा लांबी राखजो,
कान दुखे छे."
गॅलरीतून वाकले.
त्यांच्या गालावर, उलटं,
घामानं निळं पसरलेलं
क म लि नी